वाऱ्याने ढकललेला चेंडू

चेंडू हलला तेव्हा त्याच्या जवळपास कोणीच नव्हतं. डॉक्टर चार पावलं मागे सरकून चष्मा पुसत होत्या. बँकवाल्या बाई आपला शेवटचा फटका मारून मोकळ्या झाल्या होत्या आणि काढलेला झेंडा खांद्याशी धरून फोटोला उभं राहिल्यासारख्या उभ्या होत्या. मी हातात फटक्यांचं कार्ड घेऊन, कानामागे पेन्सिल खोचून हिरवळीच्या कडेला माझ्या बुटांचा विचार करत होते. बूट लेकीचे होते आणि डाव्या अंगठ्याला सकाळपासून चावत होते. तेवढ्यात वारा आला. फार मोठा नाही, कपाळावरचे केस उचलून परत ठेवण्याइतका. चेंडू आधी जागच्या जागी थरथरला, मग काहीतरी आठवल्यासारखा निघाला, दोन हातांचा उतार अगदी निवांत उतरला, होलच्या काठावर जरा रेंगाळला आणि आत पडला. डब्याचं झाकण बसावं तसा आवाज झाला. क्लबच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. डॉक्टर, म्हणजे माझ्या विहीणबाई, नऊ वर्षांत सहा वेळा या स्पर्धेत दुसऱ्या आल्या होत्या, आणि आता वाऱ्याने त्यांना एका फटक्याच्या फरकाने पहिलं करून टाकलं होतं. टाळ्या वाजत होत्या आणि माझ्या पोटात, बरोबर बेंबीच्या वर, ती जुनी ओळखीची टोचणी सुरू झाली. पानावर कुठेतरी चूक असते आणि डोळ्यांना अजून सापडलेली नसते, तेव्हा ती तिथेच टोचते. या वेळी मात्र चूक कुठल्या ओळीत आहे तेही मला ठाऊक होतं. पान एकोणीस, खालून चौथी ओळ.

चौतीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. औषधांची माहितीपत्रकं, भूगोलाची पुस्तकं, लिफ्ट बसवणाऱ्यांसाठीच्या सूचना, एकदा तर बुद्धिबळाचे दोनशे डाव. छापखान्याने निवृत्त केलं, पण डोळे काही ऐकेनात. दुकानांच्या पाट्या, तिकिटांच्या मागचा बारीक मजकूर, दवाखान्यातले तक्ते, सगळं मी तपासतच चालते. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा कळलं की मुलाची आई भूलतज्ज्ञ आहे, तीस वर्षं माणसांना झोपवून परत उठवलेली. पहिल्या भेटीत आम्ही दोघी एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसून चहा प्यायलो आणि चहा संपल्यावरही कप हातातच धरून बसलो, कारण ते ठेवले असते तर बोलावं लागलं असतं. त्यांना गोल्फ, मला ऱ्हस्व-दीर्घ. मी त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायचे, त्या मला ‘विहीणबाई’ म्हणायच्या, आणि त्याच्या पलीकडे दोन वर्षं आमची गाडी सरकली नाही. मग गेल्या वर्षी त्यांच्या क्लबच्या सेक्रेटरींनी नव्या सभासदांसाठी खेळाच्या नियमांची सोपी पुस्तिका लिहिली आणि डॉक्टरांनी ती तपासायला माझ्याकडे आणली. माझा नवरा जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. घरात तपासायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी रेडिओवरच्या बातम्यांचं व्याकरण काढत बसायचे. लेकीनेच सासूला सुचवलं असणार. मी विचारलं नाही.

सेक्रेटरींनी होलला सगळीकडे ‘विवर’ म्हटलं होतं. मी ते खोडून ‘भोक’ केलं. त्यांना ते असभ्य वाटलं. चार दिवस फोनाफोनी होऊन शेवटी ‘होल’वर समेट झाला. पण खरी गंमत सातव्या प्रकरणात होती. तिथे एकाच पानावर कुठे ‘चेंडू बदलावा’ होतं, कुठे ‘चेंडू पुन्हा ठेवावा’ होतं, आणि ती वाक्यं त्यांनी आळीपाळीने, कंटाळा येऊ नये म्हणून वापरली असावीत असा मला संशय आला. पक्ष्याने चेंडू हलवला तर बदलावा. चेंडूला चीर गेली तर पुन्हा ठेवावा. चीर गेलेला चेंडू पुन्हा ठेवून माणूस काय करणार, हे मी त्यांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, “बाई, आपल्याला भाषा बघायची आहे, खेळ नाही.” मी म्हटलं, भाषाच बघते आहे. पण खेळ कळल्याशिवाय ती बघता येईना, आणि मला रात्री झोप येईना. दोन क्रियापदं, आणि दोघांच्या मध्ये एक अख्खा खेळ उभा. मग मी डॉक्टरांना, आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन, फोन केला. म्हटलं, “मला एकदा तो चेंडू डोळ्यांनी बघायचाय.”

त्या दिवशी त्यांनी मला मैदानावर नेलं ते मी विसरणार नाही. इतकं हिरवं मी फक्त शाईत पाहिलं होतं. डॉक्टर बोलायला लागल्या आणि थांबेचनात. एका होलची, म्हणजे खेळातल्या एका टप्प्याची, सुरुवात ज्या चेंडूने केली त्याच चेंडूने तो होल संपवायचा, हा मूळ नियम. खेळता खेळता चेंडूला चीर गेली, तुकडा उडाला, तर दुसरा घेता येतो. नुसता ओरखडा पडला, रंग गेला, मळला, तर नाही. त्याच्याशीच निभावायचं. तो हरवला, तर दंड घेऊन दुसरा. कुत्र्याने, पक्ष्याने, वाटसरूने जागचा हलवला, तर दंड नाही, मूळ जागी परत ठेवायचा. आणि पक्षी घेऊनच उडाला तर दुसरा चेंडू, पण जागा तीच. “म्हणजे चेंडू बदलला तरी जागा बदलत नाही,” मी म्हटलं. “आणि एरवी जागा चुकली तरी चेंडू बदलत नाही,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. आम्ही एकत्र हसण्याची ती पहिलीच वेळ. मग त्यांनी मला वाऱ्याचं सांगितलं, आणि वाऱ्याने मला फार त्रास दिला. हिरवळीवर तुमचा चेंडू येऊन थांबलाय, तुम्ही अजून त्याला हात लावला नाही आणि वाऱ्याने तो ढकलला, तर जिथे गेला तिथून खेळा. होलमध्ये गेला तर तुमचा आधीचाच फटका गेला म्हणायचं. पण तुम्ही एकदा खूण ठेवून चेंडू उचललात, पुसलात, परत ठेवलात, की मग वाऱ्याने तो कुठेही नेवो, उचलून पहिल्या जागी आणायचा. मी म्हटलं, वारा तोच, उतार तोच, मग हे असं का? डॉक्टरांनी थोडा विचार केला. “एकदा आपल्या हाताने ठेवला की ती जागा आपली झाली,” त्या म्हणाल्या. “तोवर ती चेंडूची.” सेक्रेटरींनी हे नेमकं उलटं लिहिलं होतं. मी ते सरळ केलं, पान एकोणीसवर, आणि त्या रात्री गाढ झोपले.

त्यानंतर मी मैदानावर जातच राहिले. खेळले नाही, चालायचे, मोजायचे, नियम विचारायचे. खेळणाऱ्याचे फटके दुसऱ्या कोणीतरी लिहायचे असतात, आणि क्लबची परवानगी असली तर तो माणूस खेळाडू नसला तरी चालतं, हे कळल्यावर डॉक्टरांनी माझं नाव दिलं. “तुमच्याइतकं स्वच्छ कार्ड कोणी लिहिणार नाही,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी सकाळपासून मी ते लिहीत होते. सतरा होल, सतरा चौकटी, एकही खाडाखोड नाही. अठराव्या होलला डॉक्टरांचा तिसरा फटका होलपासून दोन हातांवर येऊन थांबला. त्या गेल्या, चेंडूमागे एक कोटाचं बटण ठेवलं, चेंडू उचलला, पुसला, परत ठेवला, बटण खिशात टाकलं आणि चष्मा पुसायला मागे सरकल्या. हे मी पाहिलं. माझ्याखेरीज कोणी लक्ष देऊन पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ज्या गोष्टी सगळेच रोज करतात त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, त्यांच्याकडे पाहण्याचाच मला पगार मिळायचा. वाऱ्याचा धरला तर तीन फटके, आणि कमी फटक्यांमुळे डॉक्टर पहिल्या. परत ठेवून पुढच्या एका फटक्यात घातला तर चार, बँकवाल्या बाईंशी बरोबरी. चुकला तर सातव्यांदा दुसऱ्या.

टाळ्या सुरू होत्या. डॉक्टर होलपाशी गेल्या, वाकल्या आणि त्यांनी हात आत घातला. हात आत होता, पाठ माझ्याकडे होती. किती वेळ? दोन सेकंद, तीन. तेवढ्यात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला अर्धा तास लागेल. लेक त्यांच्या घरात राहते, हे आलं. या बाईंनी आठ महिन्यांच्या मुक्या घरातून मला बाहेर काढलं, हे आलं. आणि का कोण जाणे, माझा नवरा आला. आमची ओळख कशी झाली ही गोष्ट तो पाहुण्यांना फार रंगवून सांगायचा. मंगळवार होता, पाऊस होता, हिच्या हातात छत्री होती आणि ही ती उघडत नव्हती. दर वेळी मी म्हणायचे, “गुरुवार.” तो थांबायचा, “बरं, गुरुवार,” म्हणायचा, आणि पुढे सांगायचा. पंधरा-वीस वर्षं हे चाललं. मग एकदा कोणीतरी विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, “तिलाच विचारा, तिला बरोबर माहीत आहे.” मी सांगितली. वार बरोबर होता, पाऊस बरोबर होता, कोणी हसलं नाही. त्यानंतर त्याने ती गोष्ट कधीच सांगितली नाही. हे सगळं येऊन गेलं आणि तरी माझं तोंड आपलं काम करून मोकळं झालं.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “चेंडू परत ठेवावा लागेल.”

टाळ्या एकेक करून थांबल्या. बँकवाल्या बाई म्हणाल्या, “का बरं?” मी सांगितलं. खूण ठेवून उचलला होता, परत ठेवला होता, मग वारा आला. माझा आवाज मलाच छापखान्यातला वाटला. सेक्रेटरी व्हरांड्यातून लगबगीने आले, खिशातून नवी कोरी पुस्तिका काढली आणि मी सांगितलेलं पान उघडून ओठ हलवत वाचू लागले. मग त्यांनी मान वर केली.

“हे मी लिहिलंय?”

“तुम्ही उलट लिहिलं होतं,” मी म्हटलं. “मी सरळ केलं.”

बँकवाल्या बाई मनाने मोठ्या निघाल्या. “राहू दे हो,” त्या म्हणाल्या, “पडला तर पडला. चार कप आहेत माझ्या कपाटात, पुसायचा कंटाळा येतो.” पण सेक्रेटरींना आता वाचायची गोडी लागली होती. त्यांनी पुढचं पान उलटलं आणि गंभीरपणे सांगितलं की दोघींनी ठरवून नियम सोडला तर दोघीही बाद. डॉक्टर तोवर होलपाशी वाकलेल्याच होत्या. त्यांनी हात बाहेर काढला, चेंडू मूळ जागी नेऊन अंदाजाने ठेवला, माझ्याकडे वळून “इथेच ना?” असं विचारलं, मी “दोन बोटं डावीकडे,” म्हटलं, आणि त्यांनी दोन बोटं डावीकडे सरकवला. वारा एव्हाना कुठेतरी दुसरीकडे निघून गेला होता. त्या उभ्या राहिल्या, श्वास घेतला, हलक्या हाताने फटका मारला. चेंडूने होलच्या काठाला अर्धा फेरा घातला आणि पलीकडे जाऊन बसला. मग त्यांनी तो पाचव्या फटक्यात आत घातला. मी कार्डावर पाच लिहिले. आकडा सुरेख आला होता. मला तो पुसून टाकावासा वाटला.

बक्षीस समारंभात त्या सगळ्यांशी बोलल्या, बँकवाल्या बाईंना मिठी मारली, माझी ओळख करून देताना “या आमच्या विहीणबाई, यांनीच पुस्तक तपासलं,” असंही म्हणाल्या. परतताना गाडीत मात्र समोर बघत होत्या. मी माझ्या बाजूच्या खिडकीतून पाट्या वाचत होते आणि एकही तपासत नव्हते. किराणा दुकान गेलं, चष्म्यांचं दुकान गेलं, शाळा गेली. मी मनात वाक्यं जुळवत होते. माफ करा म्हणावं, तर कशाबद्दल? नियम बरोबर होता. बाद होण्यापासून त्यांना वाचवलं होतं. तो होल पूर्ण झालाच नाही असं उद्या कोणी काढलं असतं तर नावच खोडलं गेलं असतं. हे सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही गाडीत बोलण्यासारखं नव्हतं. मोठ्या चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “मला राग आलाय, विहीणबाई.”

“कळतंय.”

“नाही कळलेलं. हरल्याचा नाही आला. हरायची मला सवय आहे.” त्या बोटांनी स्टीअरिंगवर ताल धरत होत्या. “मला तो नियम माहीत होता. तुम्हाला तो मीच सांगितला. चेंडू आत पडला त्या क्षणी मला माहीत होतं.”

मी खिडकीतून मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“हात आत घातला आणि तिथेच धरून ठेवला. मनात म्हटलं, कोणी पाहिलं नसेल. मग म्हटलं, आपण पाहिलंय. मी ठरवत होते हो. नऊ वर्षांत इतकं मन लावून मी काही ठरवलं नसेल. आणि तुम्ही बोललात.” सिग्नल हिरवा झाला. मागच्याने भोंगा वाजवला. त्या गाडी हलवेनात. “आणखी दोन सेकंद थांबला असता, तर मीच बोलले असते. किंवा नसते बोलले. आता ते मला कधीच कळणार नाही.”

मग त्या हसायला लागल्या. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग डोळ्यांत पाणी येईतो. मागचा माणूस भोंगा वाजवत होता आणि माझ्या विहीणबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. “सगळ्या व्हरांड्यात एकालाही नियम माहीत नाही,” त्या म्हणाल्या, “ज्याने लिहिला त्याला नाही, आणि माझ्या शेजारी उभी कोण, तर ही बाई.” मीही हसले. पण हसता हसता ती टोचणी परत आली, आणि आता ती डॉक्टरांच्या चेंडूपासून लांब सरकली होती. दोन सेकंद. मी आयुष्यात कोणाला दोन सेकंद दिले होते? माझी लेक वाक्यं अर्धी सोडते. ‘आई, मला वाटतं की,’ म्हणते आणि थांबते. जावयाला ती तिची लकब वाटते, गोड वाटते. लहानपणी ती शाळेतून येऊन काहीतरी सांगायला तोंड उघडायची आणि पुढचं वाक्य मी पूर्ण करायचे, बहुतेक वेळा बरोबर. शाबासकी मिळायची ती मला, माझ्याकडूनच. हळूहळू तिने उरलेलं अर्धं माझ्यावर सोपवायला सुरुवात केली असणार. भांडण कधी झालं नाही. भांडायलाही वाक्य पूर्ण लागतं.

डॉक्टरांच्या घरी पोहोचलो तेव्हा दार लेकीनेच उघडलं. तिच्या कोपराला फिकट पिवळा रंग लागला होता आणि केसांतही एक ठिपका होता. “काय झालं?” तिने सासूला विचारलं. “दुसरी,” डॉक्टर म्हणाल्या, “तुझ्या आईच्या कृपेने,” आणि खुशीत आत चहा ठेवायला गेल्या. मी खुर्चीत बसून बूट काढले. वरच्या मजल्यावरून रंगाचा वास येत होता. टेबलावर मोजपट्टी पडली होती, तिच्याखाली एका कागदावर लेकीच्या अक्षरात आकडे होते: सहा फूट दोन, तीन फूट, पुन्हा सहा फूट दोन. माझ्या पुस्तकांच्या कपाटाची उंची सहा फूट दोन आहे. ते मला कोणी सांगायला नको होतं. लेक समोर बसली, उठली, पंखा लावला, बंद केला, पुन्हा बसली.

“आई,” ती म्हणाली, “आम्ही म्हणजे, आमच्या मनात असं आहे की,” आणि थांबली.

पूर्ण वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, विरामचिन्हांसकट. वरची खोली, माझं कपाट, माझं एकटीचं घर, आणि त्यावरची माझी सगळी उत्तरंसुद्धा: मुलीच्या सासरी आई राहते का, लोक काय म्हणतील, मला काय कमी आहे. मी ओठ मिटले. तिने माझ्याकडे पाहिलं, उरलेलं मी घ्यावं म्हणून नेहमीसारखी वाट पाहिली. मी घेतलं नाही. तिच्या कपाळावर आठी पडली. तिला वाटलं असावं, आईला बरं नाहीये. एक, दोन, मी मोजले. मग मोजणंही सोडलं. आतून कपांचा आवाज येत होता तो थांबला. डॉक्टर स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून उभ्या होत्या आणि त्याही गप्प होत्या, तीस वर्षं उशाशी बसून माणूस शुद्धीवर यायची वाट पाहणाऱ्या बाईसारख्या गप्प.

“आमच्या मनात असं आहे,” लेक पुन्हा म्हणाली, “की तू इथे राहायला यावंस. वर. म्हणजे खोली रिकामीच आहे. रिकामी नाही, आम्ही केली. आणि तुला वाटेल की हे लोक दया करतायत, तर तसं नाही, आईंना तू हवी आहेस, त्यांना भांडायला कोणी नाही. आणि मला पण हवी आहेस. मला तर आधी हवी आहेस. हे मी उलटं सांगितलं. आधी मला, मग आईंना.” ती दमली. एवढं सलग ती माझ्यासमोर कधी बोलली असेल असं मला आठवत नाही. त्यात दोन ठिकाणी क्रम चुकला होता, एका वाक्याचा शेवट दुसऱ्यात गेला होता, आणि माझ्या मनात आधीपासून तयार असलेल्या वाक्यात ‘मला पण हवी आहेस’ हे नव्हतंच. ते मी लिहिलंच नसतं.

मला जरा वेळ लागला. त्या दोघींनी तो दिला.

“त्या खोलीत सकाळचं ऊन येतं का?” मी विचारलं.

“येतं,” लेक म्हणाली.

“दुपारी येतं,” डॉक्टर ट्रे ठेवत म्हणाल्या. “सकाळी येत नाही. तिला दहाला जाग येते, तिला काय माहीत.”